चुलीचा धूर घरात परत येतो? आधी घड्याळ बघा

मुंबईतल्या मनोरीला माझ्या बहिणीच्या घरी मागच्या पडवीत चूल आहे. घरात गॅस आहे, इंडक्शनही आहे. तरी आंघोळीचं पाणी आणि तांदळाच्या भाकऱ्या चुलीवरच, त्यात बदल नाही. ही चूल तीन वर्षांत तीनदा मोडून बांधली. दर वेळी मिस्त्री वेगळा आणि निदान मात्र एकच: आधीच्याने चूल चुकवली. नव्या चुलीचे आठ-दहा दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा पदराने डोळे पुसत भाकरी थापणं सुरू.

मी परळच्या एका गिरणीत आणि नंतर एका हॉस्पिटलात बॉयलरवर काम करून निवृत्त झालो. चौथ्यांदा चूल मोडायची वेळ आली तेव्हा ताईचा फोन आला. म्हणाली, "एवढाले बॉयलर सांभाळलेस, माझी एक चूल सांभाळून दाखव."

मार्वेहून बोटीने पलीकडे गेलो आणि पहिला प्रश्न विचारला, धूर कधी येतो? ताई म्हणाली, "कधी म्हणजे? नेहमी." नेहमी येणारा धूर मी आयुष्यात पाहिलेला नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितात त्याच चौकोनात, धुराची वेळ लिहायला सांगितली. पेटवताना आला की "प", दुपारी आला की "दु", एवढंच. पंधरा दिवसांनी कॅलेंडर बघितलं तर एका घरात तीन आजार निघाले. सकाळी पेटवताना रोज पाच-दहा मिनिटं धूर. दुपारी दोननंतर पेटवली तर हटकून धूर. आणि रविवारी अकरा-साडेअकराला इतका, की सगळे अंगणात. पाऊस सुरू झाल्यावर चौथा आजार आला, तो पुढे सांगतो.

तुमच्याकडेही असंच असेल तर चुलीला हात लावायच्या आधी हे पंधरा दिवस घालवा. मिस्त्रीची मजुरी वाचेल.

धूर आपोआप वर जातो असं आपण धरून चालतो, ते खरं नाही. बाहेरची थंड हवा जड असते. ती चुलीच्या तोंडातून आत शिरते आणि नळीतल्या गरम, हलक्या हवेला वर ढकलते. यालाच आम्ही ड्राफ्ट म्हणायचो, घरच्या भाषेत ओढ. ही ओढ किती असते ते ऐका. दहा फूट उंच नळी, आत साधारण १५० अंश, बाहेर ३०. एवढ्यावर ओढ निघते जेमतेम १ मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतकी. गिरणीच्या चिमणीला उंचीचा आधार होता, शिवाय पंखे होते. घरच्या चुलीला हा एक मिलिमीटरच. तो खायला काहीही पुरतं: थंडगार नळी, एक कोपर, शेजारची भिंत, स्वयंपाकघरातला पंखा.

सकाळचा धूर

रात्रभर नळी गार पडलेली असते. तिच्यातली हवा जड होऊन खाली बसते, बाटलीला बूच बसावं तशी. तुम्ही पुढच्या तोंडाशी जाळ केलात की धुराला वरची वाट बंद, मग तो तुमच्याच तोंडावर येतो. मुंबईत डिसेंबर-जानेवारीत हे जास्त होतं, कारण तेव्हा पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असा उलटा थर बसतो. खाडीवर धूर आडवा पसरलेला दिसतो ना, तोच प्रकार.

उपाय फुकटचा आहे. ताईची चूल जोडचूल आहे, म्हणजे पुढे मोठं तोंड आणि मागे नळीजवळ वैल. वैलावरचं भांडं उचलायचं, वर्तमानपत्राच्या एका पानाची सैल पिळी करून पेटवायची आणि वैलाच्या भोकातून नळीच्या बाजूला सारायची. भक्क असा आवाज येतो आणि नळी ओढायला लागते. ऐकू येतं ते. मग भांडं जागेवर ठेवायचं आणि पुढे जाळ करायचा. वैल नसेल तर नळीच्या बुडाशी काजळी काढायचं जे झाकण असतं तिथून हेच करा. तेही नसेल तर पुढच्या मिस्त्रीकडून आधी ते करून घ्या, कारण त्याच्याशिवाय नळी साफ तरी कशी करणार?

पेटवताना सुरुवात सुताराकडच्या ढलप्यांनी किंवा अंगठ्याएवढ्या काटक्यांनी. पहिल्या पाच मिनिटांत मोठा ओंडका घालायचा नाही. आणि फुंकणीने फुंकत बसावं लागत असेल तर लाकडाखाली हवा जात नाही असं समजा. लाकडं जमिनीवर टेकून ठेवू नका. तोंडाशी लोखंडी पट्टी किंवा विटेचा तुकडा टाकून त्यावर ठेवा, म्हणजे खालून वारा लागतो. माझ्या मते चुलीतली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच.

दुपारचा धूर

हा वाऱ्याचा. मुंबईत उन्हाळा-हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. ताईच्या घराच्या पश्चिमेला शेजाऱ्यांनी वर स्लॅब टाकून एक मजला चढवला. पूर्वी समुद्रवारा तिच्या नळीच्या तोंडावरून सरळ निघून जायचा आणि उलट ओढ वाढवायचा. आता तो शेजारच्या स्लॅबवरून उडी मारतो आणि अलीकडे खाली आपटतो, नेमका नळीच्या तोंडात.

नळीच्या उंचीचा साधा हिशेब असा आहे: छपरातून जिथे बाहेर पडते तिथून निदान ३ फूट वर, आणि चहूबाजूंनी १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. ताईची नळी शेजाऱ्याच्या भिंतीपासून आठ फुटांवर होती आणि मजल्याच्या निम्म्यातही पोचत नव्हती. तिसऱ्या मिस्त्रीने नळी वाढवली होती खरी, पण दोन कोपर टाकून, वाकडीतिकडी, आणि वर पत्र्याची टोपी इतकी जवळ दाबून बसवली होती की मधे चार बोटंही जाईनात. वर चिमण्या घरटं करू नयेत म्हणून बारीक जाळी. ती जाळी काजळीने अशी भरली होती की गाळणीतून चहा गळला नसता.

आम्ही नळी आढ्याच्या जवळ सरकवली, म्हणजे ती शेजाऱ्यापासून लांबही गेली आणि कमी लांबीत उंचही झाली. दोन्ही कोपर काढून सरळ उभी केली, तीन बाजूंनी तारांचे ताण दिले. टोपी नळीच्या व्यासाइतकी वर उचलली. जाळी काढून मोठ्या भोकांची बसवली. दुपारचा धूर तीन हिश्श्यांनी गेला. उरलेला एक हिस्सा शेजाऱ्याचा मजला पाडल्याशिवाय जाणार नाही, तेव्हा दुपारी चूल पेटवायचीच नाही असं ठरलं. पाणी सकाळीच तापवून झाकून ठेवतात.

इथे एक धोक्याची गोष्ट. छपराचा पत्रा जुन्या सिमेंटचा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. नळीसाठी भोक पाडायला त्यावर ग्राइंडर चालवू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. त्या जागचा सबंध पत्रा न फोडता काढून साधा लोखंडी पत्रा घाला आणि त्याला भोक पाडा. नळी वासा, रीप, दरवाजाची चौकट यांच्यापासून दीड फूट तरी लांब हवी. लाकूड लगेच पेटत नाही. वर्षानुवर्षं शेकून काळं पडत जातं आणि मग एक दिवस पेटतं.

रविवारचा धूर

हे कोडं मला सुटेना. रविवारी अकराला चूल तीच, लाकूड तेच, वाराही अजून सुटलेला नसतो. मग एका रविवारी मी चुलीसमोरच पाट टाकून बसलो. आतल्या स्वयंपाकघरात भाचेसुनेने बांगडे तळायला घेतले, चुरचुर आवाज आला आणि पाठोपाठ घूंऽऽ. घरात नवी इलेक्ट्रिक चिमणी बसली होती! वास नको म्हणून खिडक्या बंद, पंखा जोरात. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. खिडक्या बंद, पुढचं दार बंद, मग उघडी वाट राहिली एकच: पडवीतली चुलीची नळी. एका चिमणीने दुसऱ्या चिमणीला उलटं वाहायला लावलं.

तुमच्याकडे हे होतंय का ते उदबत्तीने कळतं. चूल थंड असताना तोंडाशी उदबत्ती धरा. धूर चुलीच्या आत वळला तर ठीक. आता स्वयंपाकघरातली चिमणी, बाथरूममधला एक्झॉस्ट, जे काय असेल ते सुरू करा. धूर बाहेर तुमच्याकडे वळला की चोर सापडला. चूल चालू असताना पंखा लावायचाच असेल तर आधी स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडायची. ताईकडे आता त्या खिडकीच्या कडीला लाल चिंधी बांधली आहे, चूल चालू असेपर्यंत ती बंद करायची नाही म्हणून.

डोळ्यांना झोंबणारा धूर निदान दिसतो तरी. रात्री जाळ विझल्यावर नुसते निखारे असतात, धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतं. उलट्या वाहणाऱ्या नळीतून तो घरात भरतो. घरात एकदम दोघातिघांचं डोकं जड झालं, मळमळलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त नव्हे. दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या, आणि कोणी गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा. ज्यांच्याकडे अजून आजीचा तांब्याचा बंब आहे त्यांनी तो बंद न्हाणीघरात पेटवू नये, आणि उबेसाठी कोळशाची शेगडी निजायच्या खोलीत नेऊ नये. यात तडजोड नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. ताईकडे आम्ही तो निजायच्या खोलीत लावला.

पावसाळ्यातला धूर

आता चौथा आजार. याचं औषध जूनमध्ये मिळत नाही, ते माघातच घ्यायचं असतं.

धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ निघते, आणि ती जळायला आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ओलं लाकूड असेल तर आधी पाणी उकळण्यातच जाळ खर्च होतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे चार किलो फाटी आणलीत तर दोन लिटर पाणी विकत आणलंत. उष्णता तेवढी चढत नाही, वाफ न जळताच नळीत जाते आणि गार भिंतीला चिकट काळ्या डिंकासारखी बसते. हा डिंक पुढे एखाद्या दिवशी नळीतच पेटतो. नळीतून रेल्वे गेल्यासारखा आवाज आला आणि पत्रा लाल झाला तर तेच. चुलीचं तोंड पत्र्याने झाका, हवा तोडा, घराबाहेर पडा आणि १०१ ला कळवा. तापलेल्या नळीवर पाणी मारू नका.

वाळलेलं लाकूड ओळखायला यंत्र नको. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: टण् वाजलं तर वाळलंय, ठप् वाजलं तर नाही. टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल हाताने सुटते. कोळीवाड्यात तर घरोघरी तराजू. एक तुकडा तोलून, खडूने वजन लिहून उन्हात टाका, आठवड्याने परत तोला. वजन उतरत असेल तोवर तो जाळायचा नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं वाळलेलं लाकूडही ओल ओढतं आणि १८-२० टक्क्यांवर येऊन थांबतं. एवढं चालतं. पण लोक करतात काय, तर मे अखेरीस सगळा ढीग निळ्या ताडपत्रीत गाठोड्यासारखा बांधतात. आतली ओल आतच राहते आणि ऑगस्टमध्ये उघडलं की बुरशी. ताडपत्री फक्त वरून, बाजू उघड्या, आणि खाली विटांवर फळ्या टाकून ढीग जमिनीपासून वीतभर उंच. फोडायचं ते फेब्रुवारीपर्यंत फोडून घ्या, कारण फोडलेलं लाकूड अख्ख्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतं. जुनी माणसं बंबफोड म्हणायची, त्या मापाचं. उद्या लागेल तेवढं आज पडवीत आणून ठेवा. फक्त चुलीच्या डोक्यावरच्या माळ्यावर रचू नका; वाळवायच्या नादात छप्पर गेलेली घरं आहेत.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढतात, डागडुजी चालते, जुन्या फळ्या निघतात. नेमकं तेव्हाच घरातलं वाळलेलं लाकूड संपत आलेलं असतं. शिवाय भरतीबरोबर लाकडं वाहून येतात, फुकटची. ताईकडे दोन पावसाळे हेच जळण चाललं. होडीच्या फळीला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला रंग विषारी असतो. शेवाळाला मारतो तो तुमच्या भाकरीवर साखर पेरणार नाही. समुद्रातून आलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. ते जळताना निघणारा धूर साध्या लाकडापेक्षा कितीतरी घातक, आणि पत्र्याला तर तो खाऊन टाकतो. ताईची नवी नळी दीड वर्षात झारा झाली होती. दुसऱ्या मिस्त्रीने "पत्रा हलका दिला असणार" म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. धूर नळीच्या भोकांतून माळ्यावर जात होता आणि कौलांतून घरभर उतरत होता.

तेच प्लायवूडचं, पॉलिश केलेल्या फर्निचरचं आणि रंगवलेल्या खोक्यांचं. पेटवणीला दुधाची पिशवी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरायची सवय तर मोडाच. रॉकेल धुमसत्या चुलीवर ओतलं की त्याची वाफ भसकन पेट घेते, हात आणि पदर दोन्ही जातात. कोरड्या करवंट्या उत्तम पेटवण आहे, पण दोन-तीनच. त्यांचा जाळ फार कडक. नारळाची सोडणं नीट वाळलेली नसतील तर धुमसतात. सुरूचं लाकूड मिळालं तर सोडू नका, छान निखारा धरतं.

मधेच गुदमरणारी चूल

चांगली पेटली, वीस मिनिटांनी धूर सोडायला लागली, तर राख बघा. राखेने हवेची वाट बुजते. रोज काढा, आणि प्लास्टिकच्या बादलीत नव्हे, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. नळी चालू दिवसांत महिन्यातून एकदा दोरीला काथ्याचा गोळा बांधून वरून खाली ओढून साफ करा, पावसाळ्यात दोनदा.

लाकूड किती लागायला हवं याचाही अंदाज हवा, नाहीतर चूल बिघडलीय हे कळत नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला चुलीने पाचातला एक हिस्सा उष्णता पाण्याला दिली तरी पाऊण किलो वाळलेलं लाकूड पुरतं. ताईकडे दोन किलो जायचं. हंड्याला झाकण घातलं, हंडा आणि चुलीच्या कडा यांतली फट बोटभर केली, पाणी कढत आल्यावर लाकडं मागे ओढायची सवय लावली, आता एक किलोच्या आत भागतं.

गॅसचा सिलिंडर पडवीत ठेवला होता, तो पहिल्याच दिवशी हलवला. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवरून सरपटत जातो, आणि चूल जमिनीवरच असते. याला पंधरा दिवसांचं कॅलेंडर नको.

अजूनही जुलैत दोन-चार दिवस असे येतात की वारा दक्षिणेकडून गिरक्या घेत येतो आणि काही केल्या नळी ओढत नाही. उदबत्ती लावून बघायची, धूर तोंडावर आला की ताई चुलीवर पाटा झाकते आणि पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवते. भाकऱ्या मात्र त्या दिवशी होत नाहीत. गॅसवरच्या तिला आवडत नाहीत.